काजळी, वाकलेले फायबर आणि एक टक्का : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंजिनाच्या सिलिंडरमधील ज्वलनदाब ऑप्टिकल फायबरच्या सेन्सरने कसा मोजतात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. इंजिनांच्या चाचणीच्या टेस्ट बेडवर आयुष्य काढून चिंचवडला निवृत्त झालेल्या माणसाने लेख शेवटपर्यंत वाचला, हेच मला पुष्कळ आहे. आपले आक्षेप तीन आहेत. प्रकाशावर चालणारे उपकरण डिझेलच्या काजळीत आठवडाभरही टिकणार नाही. फायबर जरा वाकले की आकडा बदलतो. आणि फायबरचा सेन्सर क्वार्ट्झच्या, म्हणजे दाबाखाली विद्युतभार देणाऱ्या स्फटिकाच्या सेन्सरइतकाच अचूक असतो, हे माझे वाक्य विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उचलल्यासारखे आहे. तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो बराचसा खरा आहे.

माहितीपत्रकात त्रुटीची टक्केवारी बहुधा पूर्ण मापनकक्षेची असते, आणि ती मी तशीच उद्धृत केली, ही माझी चूक. दोनशे बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) कक्षेच्या सेन्सरमध्ये एक टक्का म्हणजे दोन बार. १६० बारच्या शिखरदाबाजवळ दोन बारने फारसे बिघडत नाही. पण पिस्टनच्या शोषण आणि उत्सर्जनाच्या धावेत सिलिंडरमध्ये जेमतेम एक-दोन बार दाब असतो, तिथे हीच त्रुटी मोजायच्या राशीपेक्षा मोठी ठरते. त्यामुळे वायूची आत-बाहेर करण्यात इंजिनाची किती शक्ती खर्च होते, हे अशा सेन्सरवरून काढू नये, असे मी स्पष्ट लिहायला हवे होते. प्रमाणीकरणाच्या किंवा संशोधनाच्या कामासाठी पाण्याने थंड ठेवलेला क्वार्ट्झ किंवा गॅलियम फॉस्फेटचा सेन्सर आजही पहिली पसंती आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही.

मात्र क्वार्ट्झलाही एक खोड आहे, ती आपल्या प्रतिक्रियेत आली नाही. ज्वाळा सेन्सरच्या तोंडावरच्या धातूच्या पातळ पडद्यावर आदळली की पडदा क्षणात तापून प्रसरण पावतो, स्फटिकावर आधीच देऊन ठेवलेला ताण किंचित सैलावतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दिसू लागतो. हा उष्णताघात शिखराजवळ सहसा ध्यानात येत नाही. तो प्रसरणाच्या धावेत वक्र खाली ओढतो, आणि तिथेच सरासरी निर्देशित दाबाचा, म्हणजे एका चक्रात वायूने पिस्टनवर केलेल्या कामाच्या मापाचा, हिशेब कमी भरतो. दाब आणि आकारमान दोन्ही लॉग मापावर काढले, तर ज्वलन संपल्यावरची रेषा जवळपास सरळ उतरायला हवी. ती शेवटी वाकली तर शंका घ्यावी. फायबरच्या सेन्सरलाही पुढे धातूचाच पडदा असल्याने तो या खोडीतून सुटत नाही. तेव्हा दोघांची तुलना करायची, तर ती शिखराच्या आकड्याऐवजी या रेषेवर करायला हवी, असे माझे मत आहे.

आता काजळी. इथे आपला थोडा गैरसमज झाला आहे, आणि त्याला माझ्या लेखातली अर्धवट आकृतीच जबाबदार असावी. या सेन्सरमधला प्रकाश सिलिंडरमध्ये जातच नाही. एलईडीचा प्रकाश एका फायबरमधून पडद्याच्या पाठीमागच्या बंद पोकळीत येतो, पडद्याच्या मागच्या पृष्ठावरून परावर्तित होतो आणि दुसऱ्या फायबरमधून प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडकडे परततो. दाबाने पडदा काही मायक्रॉन आत दबला की परतणाऱ्या प्रकाशाची तीव्रता बदलते, एवढाच सारा खेळ आहे. काजळी बसते ती पुढच्या, वायूकडच्या बाजूवर. तिचा जाड थर पडद्याची हालचाल बिघडवू शकतो, पण ते क्वार्ट्झच्या पडद्यालाही लागू आहे. आपल्या डोळ्यांसमोर बहुधा ज्वाळेचा उजेड पाहणाऱ्या, काचेची खिडकी असलेल्या शोधक नळ्या असाव्यात. त्या काळ्या पडतात, यात शंका नाही.

फायबर वाकण्याचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. भोसरीतल्या एका छोट्या टेस्ट सेलमध्ये एकाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर काम चालू असताना शिखरदाब तासागणिक उतरत होता. आम्ही इंधनपंपावर संशय घेतला, इंजेक्टर काढून पाहिला, दोन दिवस गेले. शेवटी दिसले, की कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने फायबर ब्रॅकेटला केबल टायने करकचून आवळले होते आणि इंजिनाच्या थरथराटाने तो आवळ आणखी रुतत चालला होता. टाय कापला आणि आकडा जागेवर आला. (तो टाय मीच बांधला होता, असे सहकारी अजून सांगतात, मी ते मान्य केलेले नाही.)

परंतु या दोषाचे स्वरूप पाहिले, तर त्यावर उपाय आहे. फायबरमध्ये वाटेत प्रकाश गळाला, की दाब नसतानाचा मूळ प्रकाश आणि दर बारमागे होणारा बदल, दोन्ही एकाच प्रमाणात घटतात. म्हणून प्रत्येक चक्रातली सर्वांत नीचांकी पातळी स्थिर राहील अशा बेताने एलईडीचा प्रवाह वाढवला, तर संवेदनक्षमताही आपोआप पूर्ववत होते, आणि हा प्रवाह किती वाढवावा लागला यावरून सेन्सरची प्रकृतीही कळते. आमच्या त्या जुन्या मांडणीत ही सोय नव्हती. याची किंमतही मोजावी लागते: नीचांकी पातळी मुद्दाम बांधून ठेवल्याने निरपेक्ष दाब कळत नाही, तो क्वार्ट्झप्रमाणेच शोषणनलिकेतल्या दाबाशी जुळवून घ्यावा लागतो.

मग फायबर घ्यायचे कुठे? जिथे इंजिन प्रयोगशाळेबाहेर महिनोन् महिने चालायचे आहे, तिथे. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-धावी जनरेटर संचाचा प्रत्येक सिलिंडर तासाला ४५,००० वेळा पेटतो, म्हणजे हजार तासांत साडेचार कोटी वेळा. क्वार्ट्झमधून येणारा विद्युतभार इतका सूक्ष्म असतो, की त्याच्या केबलचे आणि जोडण्यांचे विद्युतरोधन सतत जपावे लागते. तेलकट हाताचे बोट लागलेला कनेक्टरही सिग्नल वाहवून नेतो, हे आपल्याला मी काय सांगणार. फायबरच्या वाटेवर वीजच नसल्याने हा त्रास उरत नाही, आणि गॅस इंजिनात शेजारच्या इग्निशन कॉइलचा गोंगाटही सिग्नलमध्ये शिरत नाही. अशा ठिकाणी दोन बारची त्रुटी चालते. कोणता सिलिंडर इतरांपेक्षा मागे पडतो आहे आणि कुठे नॉकिंग (इंधनाचे अवेळी, धक्क्यासह पेटणे) सुरू झाले आहे, एवढे वेळेवर कळले तरी काम भागते.

मूळ लेखातले ‘तितकाच अचूक’ हे शब्द मी आज काढले असून त्या जागी ‘दीर्घकाळच्या देखरेखीसाठी पुरेसा अचूक’ असे लिहिले आहे. आकृतीही बदलतो आहे. पडद्यामागची बंद पोकळी तिच्यात या वेळी नीट दिसेल.