मिक प्रोटीन पेशीला विभागत नाही, पेशीला वाढवतं: फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या काही दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, त्यातल्या एका मैत्रिणीच्या घरात कॅन्सरचं आजारपण चालू आहे, म्हणून हे जरा नीट बसून लिहितेय. मेसेजचा मतितार्थ असा, की फळमाशीत मिक नावाचं प्रोटीन सापडलंय, ते पेशींना विभागायचा हुकूम देतं, पेशी विभागल्या की शरीर वाढतं आणि जास्तच विभागल्या की कॅन्सर होतो, तर हे एक प्रोटीन बंद केलं की काम झालं, माशीत हे सिद्ध झालंय आणि माशीत जे होतं तेच माणसात होतं, पण औषध कंपन्या ते दाबून ठेवतायत.

मी काही वर्षं फळमाश्यांवर काम केलंय, अळीच्या आतून, जिचा पुढे पंख होतो ती पेशींची चकती चिमट्याने काढायची, रंगवायची आणि मायक्रोस्कोपखाली पेशी मोजत बसायचं हेच माझं काम होतं, त्यामुळे हा मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं. यातलं एकेक वाक्य घेऊन बोलते.

सुरुवातीलाच चूक आहे, मिक माशीत सापडलेलं नाही. ते आधी सापडलं कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या एका व्हायरसमध्ये, त्या आजाराचं नाव मायलोसायटोमॅटोसिस आणि त्यातूनच मिक हे नाव आलं. मग कळलं की तसंच जनुक आपल्यातही आहे, आठव्या क्रोमोसोमवर, आणि बर्किट लिम्फोमा नावाच्या कॅन्सरमध्ये त्या क्रोमोसोमचा तुकडा तुटून बहुतेक वेळा चौदाव्याला जाऊन चिकटतो, हे १९८२ च्या सुमाराला समजलं होतं. माशीतलं मिक ओळखलं गेलं थेट १९९६-९७ मध्ये. गंमत म्हणजे माशीतलं हे म्युटेशन लोकांना कितीतरी आधीपासून माहीत होतं, अंगाने बारीक, केस पातळ, माद्यांना अंडी होत नाहीत अशा माश्या, म्हणून त्या जनुकाचं नाव डिमिन्युटिव्ह म्हणजे चिमुकलं असं पडलेलं, फक्त हे चिमुकलं आणि कॅन्सरवालं मिक एकच आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता नावातच बघा ना, प्रोटीन कमी पडलं तर माशी लहान होते. मिकच्या खऱ्या कामाचा पत्ता त्या नावातच होता.

आता मुख्य गोष्ट. पेशी विभागल्या की शरीर वाढतं, हे वाक्य इतकं सरळ वाटतं की बहुतेकांना ते खरंच वाटेल, मलाही वाटायचं. पण कापडाचे दोनाचे चार तुकडे केले म्हणून कापड वाढत नाही, तसंच हे आहे. माशीचं अंडं घ्या, लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. अंडं फळलं की आतल्या केंद्रकाच्या १३ फेऱ्या विभागण्या होतात, त्यातल्या सुरुवातीच्या तर आठ-दहा मिनिटांत एक अशा, काही तासांत एकाची हजारो केंद्रकं होतात आणि अंडं तेवढंच्या तेवढं राहतं, तसूभरही मोठं होत नाही. म्हणजे नुसती विभागणी, वाढ शून्य. आणि याच्या बरोब्बर उलटं उदाहरण त्याच माशीच्या अळीत आहे, तिच्या लाळग्रंथीच्या पेशी. अळी अंड्यातून बाहेर आल्यावर त्या पेशी विभागतच नाहीत, आत डीएनएच्या प्रती मात्र करत राहतात, एकावर एक हजाराच्या वर प्रती, आणि पेशी फुगत जाते, तिचे क्रोमोसोम इतके जाड होतात की साध्या मायक्रोस्कोपमधून त्यांच्यावरचे पट्टे दिसतात. तिथे वाढच वाढ, विभागणी नाही. एकाच प्राण्यात दोन्ही टोकं आहेत, मग दोन्ही गोष्टी एकच कशा असतील?

यावर १९९८ मध्ये एक फार सुंदर प्रयोग झाला, माझा आवडता. अळीच्या आत पुढे पंख होणारी जी चकती असते ती सुरुवातीला साधारण ५० पेशींची असते आणि चारेक दिवसांत ५० हजारांपर्यंत जाते. त्या चकतीतल्या काही पेशींमध्ये विभागणीला ढकलणारं ई२एफ हे प्रोटीन वाढवलं, तर पेशी भराभर विभागल्या, संख्या वाढली, पण प्रत्येक पेशी लहान झाली. मग उलट केलं, विभागणीला ब्रेक लावणारं आरबीएफ वाढवलं, तर पेशी थोड्या झाल्या पण एकेक मोठी. आणि एकूण ऊतक? दोन्ही वेळी जवळपास तेवढंच. विभागणीचा वेग बदलला तरी वाढीचा वेग आपला तसाच राहिला. हे कळल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला की मग वाढ कोण ठरवतं, आणि तिथे मिक येतं.

१९९९ मध्ये त्याच पद्धतीने मिकची परीक्षा घेतली. मिक काढून घेतलं तर पेशी हळू वाढल्या आणि लहान राहिल्या. मिक जास्त दिलं तर पेशी मोठ्या झाल्या. पण मेसेजवाल्यांनी वाचायला हवं होतं ते यापुढचं, मिक जास्त दिल्यावर डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीचा टप्पा आखडला हे खरं, पण नक्कल झाल्यानंतरचा टप्पा तितकाच लांबला, आणि एका विभागणीपासून दुसरीपर्यंतचा एकूण वेळ काही कमी झाला नाही. कारण त्या शेवटच्या दाराची किल्ली मिककडे नाहीच, ती स्ट्रिंग नावाच्या वेगळ्याच प्रोटीनकडे आहे, त्याच्याशिवाय पेशी विभागणीत शिरत नाही. म्हणजे 'मिक विभागायचा हुकूम देतं' हे माशीपुरतं तरी चूक आहे, ते पेशीला मोठं करतं, आणि ते करतं कसं तर स्वतः दुसऱ्या जनुकांना चालू करून, मॅक्स नावाच्या जोडीदाराला धरून ते डीएनएवर बसतं आणि रायबोसोम, म्हणजे पेशीतले प्रोटीन बनवणारे कारखाने, तयार करायला लागणाऱ्या ढीगभर जनुकांचं काम वाढवतं. रायबोसोम जास्त म्हणजे प्रोटीन जास्त बनणार, प्रोटीन जास्त म्हणजे पेशीचं वजन वाढणार, इतकं सरळ आहे ते.

बरं, मग बंदच करू, असं मेसेज म्हणतो. ज्या अळीत मिक अजिबात नसतं ती वाढतच नाही, लहानपणीच मरते. उंदराच्या गर्भात मिक नसेल तर तो दहाव्या दिवसाच्या आसपासच मरतो. हे काही शरीरात चुकून राहिलेलं वाईट प्रोटीन नाही, निरोगी पेशीला रोज लागतं ते. आणि अजून एक गोष्ट जी मला अजूनही थक्क करते, २००४ मध्ये दिसलं की चकतीत शेजारी शेजारी असलेल्या पेशींपैकी काहींमध्ये मिक जास्त असेल तर त्या कमी मिकवाल्या शेजारणींना मरायला लावतात आणि त्यांची जागा घेतात, त्या कमीवाल्या एरवी धडधाकट असतात, एकट्या सोडल्या तर जगतात, पण जास्तवाल्यांच्या शेजारी टिकत नाहीत, आणि एवढं होऊनही पंख शेवटी नेहमीच्याच मापाचा होतो. म्हणजे मिक किती आहे याला तेवढं महत्त्व नाही, शेजारणीपेक्षा किती आहे याला आहे. असल्या प्रोटीनला दिव्याचं बटण समजून चालू-बंदची भाषा करणं मला पटत नाही.

माशीत होतं तेच माणसात होतं, यातलं अर्धं खरं आहे म्हणून त्यावर जरा थांबते. माशीचं मिक रास नावाच्या दुसऱ्या कॅन्सर-जनुकाबरोबर उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या पेशीत घातलं तर त्या पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या बिघडतात हे १९९७ मध्येच दाखवलंय, म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या अंतरानंतरही ते प्रोटीन आपलं काम विसरलेलं नाही. पण २००१ मध्ये उंदरांत मिक हळूहळू कमी करत नेलं तेव्हा उंदीर लहान झाले ते पेशी कमी झाल्या म्हणून, प्रत्येक पेशीचं माप मात्र नेहमीचंच होतं! माशीत पेशी लहान, उंदरात पेशी थोड्या. प्रोटीन तेच, परिणाम शरीर लहान हाच, पण वाट वेगळी. शिवाय माशीत मिक एकच आणि आपल्यात त्याच कुटुंबातली तीन, त्यामुळे माशीत काम करायला सोपं जातं, पण तिथलं उत्तर उचलून जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही, हे माशीवर काम करणारा कुणीही पहिल्यांदा सांगेल.

दडवण्याबद्दल फार बोलत नाही, वर मी जे प्रयोग सांगितले ते सगळे छापलेले आहेत, कुणीही वाचू शकतं. मिकवर औषध इतकी वर्षं झालं नाही कारण त्या प्रोटीनला ठरलेला आकारच नसतो, सैल दोऱ्यासारखं असतं ते, औषधाचा रेणू अडकवायला त्यात खोबण मिळत नाही. तरी प्रयत्न चालू आहेत, ओमोमिक नावाच्या छोट्या प्रोटीनवर आधारलेल्या औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या टप्प्याचे निकाल २०२४ मध्ये आले, आणि पहिला टप्पा म्हणजे मुख्यतः औषध झेपतं का आणि किती द्यायचं हे बघणं, कॅन्सर बरा झाला असा त्याचा अर्थ होत नाही. तिथेही मिक कायमचं संपवायचं नाहीये, काही काळ दाबून ठेवता येतं का आणि तेवढ्यात निरोगी पेशी सावरतात का, हे बघतायत.

त्या मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तासभर बोललो असू. तिच्या वडिलांनी मेसेज वाचून पुढची केमो लांबवायचं मनात घेतलं होतं, हे तिने अगदी शेवटी सांगितलं. केमो ठरलेल्या दिवशीच घ्यायची आणि मिकबद्दल काय विचारायचंय ते कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायचं, असं आमचं ठरलं, प्रश्न मी लिहून दिलेत.