सायकलचा पंप घेताना मीटरआधी नळकांडं बघा

लेकीची सायकल दिवाळीपासून जिन्याखाली उभी होती. बिघाड काही नाही, दोन्ही चाकांतली हवा गेलेली, एवढंच. कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान बंद झालंय आणि बसलेल्या चाकांची सायकल दीड किलोमीटर ढकलत न्यायला ती तयार नव्हती. मला यात तिची काही चूक वाटत नाही. आपल्या पार्किंगमधल्या कितीतरी सायकली अशाच हवेपायी धूळ खात पडल्यात.

ट्यूब पंक्चर नसली तरी रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी हवा भरणं आलंच. ते काम अवघड असेल तर घरात कुणी करत नाही, म्हणून पंप सोपा हवा.

आम्ही आधी पायाने दाबायचा पंप आणला. सुरुवातीला भराभर हवा जायची, मग पायाखाली दगड आल्यासारखा तो घट्ट व्हायचा. लेकीचं वजनच पुरायचं नाही. दुकानात सांगतात, मोठं नळकांडं घ्या, लवकर भरतं. लवकर भरतं हे खरं, पण नळकांडं जितकं रुंद तितका जोर जास्त लागतो. चाकात ६० पीएसआय दाब असेल तर ३० मिलिमीटर व्यासाच्या पंपावर जवळजवळ ३० किलोचा भार द्यावा लागतो. २० मिलिमीटरच्या पंपाला साधारण १३ किलो पुरतो. दट्टा जास्त वेळा मारावा लागतो, पण तो बारा वर्षांच्या मुलीला मारता येतो! हा हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर पहिला पंप मी घेतलाच नसता.

आता आमच्याकडे दोन्ही हातांनी मारायचा, बारीक नळकांड्याचा उभा पंप आहे. खाली पाय ठेवायला रुंद पट्टी, वर मीटर.

घेण्याआधी आपल्या चाकाचा व्हॉल्व्ह बघून जा. साध्या काळ्या सायकलला रबरी वॉलट्यूबचा असतो, गिअरच्या बऱ्याच सायकलींना मोटारसायकलसारखा जाड, आणि अरुंद टायरच्या रेसिंग सायकलला बारीक लांब. त्या बारीक व्हॉल्व्हच्या टोकाची चकती आधी सैल करावी लागते, नाहीतर कितीही मारा, हवा आत जात नाही. वॉलट्यूबवर मीटरच्या आकड्याचा भरवसा नको, कारण ती रबरी नळी हवा मागे येऊ देत नाही आणि चाकातला खरा दाब मीटरपर्यंत पोचत नाही. तिथे अंगठ्याने टायर दाबून बघणंच बरं. बाकी सायकलींना टायरच्या कडेला छापलेला आकडा पाळा. आमच्या टायरवर ४० ते ६५ लिहिलंय, आम्ही ५० वर थांबतो.

पेट्रोल पंपावर मुलांना एकटं पाठवू नका, हे कळकळीने सांगते. तिथली नळी गाड्यांच्या मोठ्या टायरसाठी असते, सायकलची ट्यूब काही सेकंदांत भरून जाते. माझ्या भाच्याची ट्यूब अशीच हातात फुटली. पोर दोन दिवस सायकलजवळ गेलं नाही.

बॅटरीवर चालणारे छोटे पंपही चांगले आहेत. आकडा लावला की आपोआप थांबतात. हात दुखणाऱ्यांनी तोच घ्यावा, फक्त तो चार्ज करायची आठवण ठेवावी लागते.

आमचा पंप जिन्याखाली सायकलशेजारीच ठेवलाय. बिल्डिंगमधल्या कुणीही वापरा, विचारायला वर यायची गरज नाही. झाल्यावर नळी मुडपू नका, तेवढं बघा.