एकट्यानेही आत जायला हवं

मी पोलिसाची मुलगी. पुण्यात शिवाजीनगरच्या पोलीस लाईनीत वाढले. अण्णा बंदोबस्तावर असले की आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दाराशी बसून असायची. त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय, तरी लिहिते.

गेल्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या पालक ग्रुपवर अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारावरून वाद पेटला. शाळेत बंदूकवाला शिरलाय आणि बाहेर एकच सशस्त्र पोलीस आहे. त्याने आत जावं की कुमक येईपर्यंत थांबावं? बरेच जण म्हणाले, थांबावं, तोही कुणाचा तरी बाप आहे. हे मला फार लागलं, कारण तो बाप माझ्या घरात आहे.

तरीही मी म्हणेन, त्याने जायलाच हवं.

१९९९ साली अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा पोलिसांनी तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे शाळेला वेढा घातला आणि विशेष पथकाची वाट पाहिली. आत एक शिक्षक गोळ्या लागून पडले होते. मुलांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले, आत माणूस रक्त जाऊन मरतोय असा फलक खिडकीत लावला. तासांवर तास गेले आणि सरांनी त्याच खोलीत प्राण सोडला. त्यानंतर तिथलं पोलीस प्रशिक्षण बदललं. आधी चार-पाच जणांनी मिळून लगेच घुसायचं, आणि पुढे, वेळ आली तर एकट्यानेही.

२०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत साधारण सहा मिनिटांत १७ जीव गेले. शाळेचा सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला. गोळ्यांचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळलं नाही, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये तो खटल्यातून निर्दोष सुटला. कायद्याने गुन्हा नसेल, मानते. पण सहा मिनिटांत कुमक येणार कुठून? संध्याकाळी नळस्टॉपचा चौक ओलांडायलाच तेवढी लागतात.

आणि २०२२ मधली युवाल्डीची शाळा. तिथे अखेर ३७६ पोलीस जमले, तरी वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. मुलं आतून फोन करून मदत मागत होती, बाहेर किल्ल्या शोधणं चाललं होतं. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. एकटेपणामुळे पोलीस थांबतो म्हणावं, तर इथे एकटं कोण होतं?

अण्णांना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकटा गेला आणि पडला, तर त्याचं हत्यारही समोरच्याला मिळतं, हे विसरू नको."

खरं आहे. पण हल्लेखोर पोलिसाकडे वळला, की तेवढा वेळ त्याची बंदूक मुलांवर नसते. त्या वेळात एक वर्ग मागच्या दाराने बाहेर पडू शकतो. मला हाच हिशोब दिसतो, आणि तो मांडताना माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचाच चेहरा येतो.

मग अण्णांनीच तुकाराम ओंबळेंचा विषय काढला. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहकारी सोबत होते, पण कसाबच्या एके-४७ ची नळी ओंबळेंनी धरली. गोळ्या पोटात गेल्या, पकड सुटली नाही. कसाब जिवंत हाती लागला, खटला चालला आणि २०१२ मध्ये इथे, आपल्या येरवड्यात त्याला फाशी झाली. ओंबळेंना अशोकचक्र मिळालं. पण त्या रात्री आपण त्यांच्या हातात दिली होती फक्त लाठी. याचा मला आजही राग येतो. अण्णांच्या वाट्याला वर्षाकाठी फायरिंगची एक प्रॅक्टिस आणि मोजक्या गोळ्या यायच्या. ज्याला एकट्याने आत जायला सांगायचं, त्याच्याकडून तेच शंभर वेळा करून घेतलेलं असलं पाहिजे. अंगात चांगलं जॅकेट पाहिजे. घरच्यांची सोय आधीच लावलेली पाहिजे.

आणि आपल्या शाळेच्या गेटवरच्या वॉचमनकाकांकडून ही अपेक्षा कुणी करू नये. त्यांच्याकडे शिट्टी आणि रजिस्टर आहे. त्यांनी दार लावायचं, घंटा द्यायची, बस्स.

काल अण्णा नातवाला आणायला शाळेत गेले होते. आल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "मागच्या गेटला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे असते, विचार."

उद्या सकाळी विचारणार आहे.