हेन्टीवर बंदी घालून काय मिळणार?

आमच्या पुण्याच्या शाळेतल्या मित्रांत सध्या एका मेलेल्या इंग्रजावर बंदी घालायची चर्चा रंगली आहे. जी. ए. हेन्टी, मुलांसाठी ऐतिहासिक साहसकथा लिहिणारा, जन्म १८३२, मृत्यू १९०२. त्याची 'ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट' ही मराठा युद्धांवरची कादंबरी कुणाला तरी नेटवर फुकट सापडली. मराठ्यांची सत्ता मोडली याचा तिच्यात आनंदीआनंद आहे म्हणून सगळे खवळले. पुस्तक बंद करा, ब्रिटिश सरकारने माफी मागावी, वगैरे.

अरे बाबांनो, इथे लंडनमध्ये त्याला कुणी विचारत नाही. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत तो पुरलेला आहे. चेल्सीची मॅच असली की गर्दी चुकवायला मी तिथूनच जातो. लोक कुत्री फिरवतात, बाकावर बसून दुकानातलं सँडविच खातात. एकेकाळी शाळांत बक्षीस म्हणून त्याची पुस्तकं वाटायचे. आज माझ्या ऑफिसात कुणाला नावही माहीत नाही. बंदी घातलीत तर उलट खपायला लागेल.

गडी मात्र घरबसल्या लिहिणारा नव्हता. केंब्रिज अर्धवट सोडून क्रिमियाच्या युद्धावर गेला. मग 'स्टँडर्ड' या वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून इटलीत गॅरिबाल्डीच्या मागे, ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया), अशांतीच्या राज्यात (आजचा घाना). १८७५ साली ब्रिटिश युवराजाच्या दौऱ्याबरोबर हिंदुस्थानातही येऊन गेला. पुढे घरी तो तोंडाने सांगायचा आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. शंभराच्या वर पुस्तकं, साचा एकच: धीट पोरगा, साम्राज्याची लढाई, शेवटी बढती आणि पैसा. आपल्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्या दुसरं काय करतात? घोड्यावरचा माणूस तेवढा बदलतो.

एवढं म्हटलं, तर उत्तर आलं, "तू तिकडे राहतोस, त्यांचंच बोलणार."

झोंबलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कंपनीची फौज कोंडीत सापडली आणि तह करून सुटली, हे माझ्या मुलीला शाळेत कुणी सांगितलं नाही. मीच जेवताना मीठ-मिरचीच्या डब्या मांडून सांगितलं. असईला मराठ्यांना हरवणारा वेलिंग्टन तिला ठाऊक, महादजी शिंदे नाहीत. तेव्हा राग मलाही येतो. फक्त मला माफी नको, वडगाव शिकवलेलं हवंय. ते मागायला तुमच्यापैकी कुणी येणार नाही. पेरेंट्स ईव्हनिंगला मलाच तोंड उघडावं लागेल, आणि आजवर मी ते उघडलेलं नाही.

कादंबरी मी परवा वाचून काढली. हॅरी लिंडसे हे इंग्रज पोर. आईबाप मराठ्यांच्या हल्ल्यात मेलेले, सोयरा नावाची दाई त्याला वाचवते आणि आपल्या माणसांत मराठा म्हणून वाढवते. अंगाला रंग फासला की झालं. पुण्याच्या दरबारात वावरतो, नाना फडणवीसांच्या राजकारणात शिरतो आणि कंपनीतही साहेब म्हणून मिरवतो. दोन्हीकडे त्याला घरचाच समजतात. हेन्टीचा साम्राज्याचा गर्व मी हसून सोडून दिला. हॅरीवर मात्र जळलो. इथे आडनावाचं स्पेलिंग सांगता सांगता दिवस जातो आणि पुण्यात तुम्ही मला "तिकडचा" म्हणता.

आणि खरं सांगू? सातवी-आठवीत ही कादंबरी मराठीत हातात पडली असती, तर मी हॅरीच्याच बाजूने वाचली असती. तुम्हीही. उगाच नाही म्हणू नका.