आराखडा झाल्यावर विचारून काय उपयोग?

सिंधुदुर्ग-विजयदुर्ग किल्ल्यांच्या जतनावरचा एक लेख वाचला, त्यातलं ‘आराखडा तयार झाला की स्थानिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात’ हे वाक्य खटकलं. अहो, तोवर नकाशावर रेघा पडलेल्या असतात! आम्हा कोल्हापूरकरांना हे पन्हाळ्यामुळं चांगलं कळतं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत पन्हाळाही आहे आणि तिथं गडावरच गाव नांदतंय. घरं, शाळा, हॉटेलं, नगरपरिषदसुद्धा. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. त्यात युनेस्कोचं नाव आल्यावर लोक धास्तावले, ते उगीच नव्हे. त्यांचा किल्ल्याला विरोध नाही, आपल्याला न विचारता ठरेल याची भीती आहे.

मालवणात तर गुंता आणखी वाढतो. सिंधुदुर्ग किल्ला पाण्यात, पण होड्या, जाळी वाळवायची जागा, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, हे सगळं जमिनीवर. लेखात तटबंदी आली, शिवराजेश्वर मंदिर आलं, रापण ओढणारे रापणकर मात्र कुठंच नाहीत. पार्किंग नि जेट्टीची जागा कागदावर यायच्या आधी अधिकाऱ्यांनी त्यांच्याबरोबर एकदा पुळणीवरून चालावं, पावसाळ्यात आणि हंगामात, दोन्ही वेळा.