पारा, चौपाटी आणि भाचीचं भाषण

परवा भाचीचा फोन आला. आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'राइट बंधूंच्या ८ वर्षं आधी' या विषयावर बोलणार म्हणाली. मजकूर कुठला? तर आमच्या बाबांनी नातीला पाठवलेला व्हॉट्सॲप फॉरवर्ड. तो तुमच्याकडेही आला असेलच: १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विनाचालक विमान १५०० फूट उंच नेलं, ते पाऱ्यावर चालायचं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड समोर होते, 'केसरी'ने छापलं, इंग्रजांनी दडपलं, आणि पुरावा काय, तर भरद्वाज ऋषींचं 'वैमानिक शास्त्र'.

आधी पारा, कारण भाची त्यावरच भाळली आहे. फॉरवर्ड म्हणतो, हे आयन इंजिन (विजेने भारित केलेले कण मागे फेकून पुढे रेटणारं) होतं, नासाला फार उशिरा सुचलं. नासाने १९६४ मध्ये पाऱ्यावरचं आयन इंजिन अवकाशात चालवलं, हे खरं. पण त्याचा रेटा होता वहीच्या एका पानाच्या वजनाएवढा! पोकळीत, जिथे अडवायला हवा नाही, तिथे असला रेटा महिनोन् महिने साठत जाऊन उपयोगी पडतो. चौपाटीवरच्या वाऱ्यात त्याने पतंगसुद्धा उचलला नसता. शिवाय हजारो व्होल्टची वीज लागते ती वेगळीच. आणि पाणी तापवावं तसा पारा तापवला असता, तर त्या विषारी वाफेने बघ्यांचं काय झालं असतं?

आता तो 'पुरावा'. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ रीतसर तपासला. भाषा, वृत्तं, कागदपत्रं पाहून त्यांनी सांगितलं की तो १९०४ च्या आधीचा असूच शकत नाही. पंडित सुब्बराय शास्त्रींनी तो विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतला, आणि विमानांची चित्रं १९२३ मध्ये एका ड्राफ्ट्समनने काढली. त्यातलं एकही विमान उडण्यासारखं नाही, हेही त्यांनी गणित मांडून दाखवलं. मग १८९५ सालच्या माणसाने तो वाचला कधी?

'केसरी'चं म्हणाल, तर फॉरवर्डमध्ये अंकाची तारीखच नाही. दडपण्याचं म्हणाल, तर १८९७ मध्ये टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले, तो 'केसरी' विमानाच्या बातमीवर मूग गिळून बसला असता होय?

बरं, एवढं मान्य करतो: तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. मुंबईचेच, संस्कृतचा व्यासंग असलेले, विमान बनवायची धडपड केलेले गृहस्थ. पण विनाचालक यंत्र उडवलं म्हणून राइट बंधूंना हरवलं, असं होत नाही. ते तर लँगली या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये अमेरिकेतच उडवून दाखवलं होतं. १७ डिसेंबर १९०३ ला महत्त्व आहे ते वर माणूस बसून यंत्र ताब्यात ठेवण्याला. पहिली भरारी फक्त १२ सेकंदांची, पण तिचा फोटो आहे.

भाचीला म्हटलं, मुंबईचाच संशोधक हवा असेल तर शंकर आबाजी भिसे घे. छपाईचे खिळे ओतणारं यंत्र बनवलं, पेटंटं नोंदलेली आहेत. "पण मामा, ते उडत नाही ना," म्हणाली.

बाबांनी आज सकाळी तोच फॉरवर्ड मला पाठवलाय. खाली लिहिलंय, 'वाच जरा.'