विद्यार्थ्यांनी सुरक्षेवर लिहिलं की म्हणे शत्रूचं फावतं!

भाची समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेट केबल्सना असलेल्या धोक्यांवर निबंध लिहितेय. परवा ताईने तिला तो बंदच करायला सांगितलं, कारण 'पालकांनो सावधान' असा एक फॉरवर्ड. त्यात काय, तर विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सुरक्षेवर लिहू नये, खरी माहिती गुप्त असते, पोरांचं लिखाण कोणी विचारात घेत नाही, शत्रूला मात्र त्यातून आयती माहिती मिळते आणि वर पोरांच्या नावावर कायमचा डाग. मला हा चार जणांकडून आलाय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

कोणी वाचत नाही आणि शत्रू मात्र मन लावून वाचतो, हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये! असो.

शत्रूचा मुद्दा आधी घेते, कारण ताई घाबरली ती त्यालाच. फॉरवर्डमध्ये उदाहरण दिलंय की 'एका कॉलेजच्या पोराने अमेरिकेचे लष्करी तळ उघडे पाडले'. हे अर्धवट सांगितलंय. पोरगा खरा आहे, नेथन रूसर, ऑस्ट्रेलियात शिकणारा, तेव्हा २० वर्षांचा. पण नकाशा त्याने बनवलेला नव्हता. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने लोक कुठे धावतात त्याचा जगाचा नकाशा नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केला होता, आणि सैनिक जॉगिंगला जाताना तेच अ‍ॅप चालू ठेवत होते, त्यामुळे नकाशावर एरवी अंधाऱ्या दिसणाऱ्या अफगाणिस्तान-सीरियाच्या भागात तळांच्या आतले रस्ते लख्ख दिसत होते. ज्याला बघायचं होतं त्याला ते दोन महिन्यांहून जास्त काळ फुकट बघता येत होतं. जानेवारी २०१८ मध्ये या पोराने ते बोलून दाखवलं आणि ऑगस्टमध्ये पेंटागॉनने मोहिमांच्या भागात लोकेशन दाखवणारी अ‍ॅप्स आणि उपकरणं वापरायला बंदी घातली. आता सांगा, भोक पाडलं कोणी आणि दाखवलं कोणी? तो गप्प बसला असता तर नकाशा काय आपोआप पुसला गेला असता?

'कोणी विचारात घेत नाही' याला तर एकच उत्तर पुरे. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकवर जो दस्तऐवज काढला त्याचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या विद्यार्थ्याच्या लेखातून उचललेला निघाला, न विचारता, त्यातल्या चुकांसकट! वर काही शब्द आणखी भडक केलेले. म्हणजे विचारात घेतात हो, फक्त नाव द्यायचं विसरतात.

खरी माहिती गुप्त असते हे थोडंफार मान्य. म्हणूनच पोरं कधी कधी वाहवत जातात. जॉर्जटाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांबरोबर चीनच्या क्षेपणास्त्रांच्या भुयारांवर मोठा अभ्यास केला, २०११ मध्ये तो गाजला, भुयारांबद्दलचं काम मेहनतीचं होतं, पण त्यावरून अण्वस्त्रं ३,००० पर्यंत असू शकतील असा जो अंदाज निघाला त्यावर जाणकारांनी सडकून टीका केली. पण ती टीका करता आली कारण सगळं उघड लिहिलं होतं. आणि केबल्सचं म्हणाल तर त्यांच्या जागा सागरी नकाशांवर मुद्दाम छापतात, नाहीतर जहाजं त्यांच्यावरच नांगर टाकतील. यात गुप्त ते काय?

डागाचं काय बोलणार! फुटलेली सरकारी कागदपत्रं वापरायची नाहीत, सैन्यातल्या ओळखीच्या माणसाने खासगीत सांगितलेलं छापायचं नाही, एवढं भाचीला मी आधीच सांगितलंय, आणि तिला ते माहीत होतं.

ताईला काल हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. निबंध परत सुरू झालाय. पहिल्याच परिच्छेदात 'संपूर्ण जग विनाशाच्या उंबरठ्यावर' असं होतं, ते मात्र मी काढायला लावलं.